बघायचे सहा रुपये

चाळीस वर्षं मी मिक्सर आणि ग्राइंडर दुरुस्त केले. अग्रहार या गावातल्या जुन्या वस्तीत, देवळामागच्या गल्लीत आठ बाय दहाचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. बालबोध अक्षरं आईनं घरी गिरवून घेतली, त्या जोरावर हे लिहितो आहे. लिहिण्यात चुका निघतील. मोटार वाइंडिंगमध्ये, म्हणजे तार गुंडाळण्यात, कुणी एक चूक काढून दाखवावी.

दुकानात एक पाटी होती, मशीन उघडून बघायचे वीस रुपये. काम दिलं तर ते वीस माफ. लोक या पाटीवरून भांडायचे. नुसतं बघायला कसले पैसे, म्हणायचे. मी म्हणायचो, बघणं हेच काम आहे, स्क्रू काय कुणीही आवळतं. एक रुपया कधी सोडला नाही. आणि दुसरं म्हणजे, गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा हातात पडल्याशिवाय मी तांब्याची तार विकत आणली नाही. आधी आपला पैसा घालायचा आणि मग वाट बघत बसायचं, हा धंदा मला ठाऊकच नव्हता.

गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान सोडलं. वाइंडिंगचं मशीन विकलं, त्याचे नऊ हजार आले. ते कपाटात ठेवले. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

आमची सून साताऱ्याकडची. हेब्बाळला कंपनीत कामाला आहे, सकाळी आठच्या बसनं जाते, संध्याकाळी साडेसहाला परत. तिचं मराठी पुस्तकासारखं. मला म्हणते, "बाबा, तुमच्या एका वाक्यात तीन भाषा असतात." मी म्हणतो, तिन्ही कळतात ना तुला, मग सरी, झालं तर.

तर या सुनेनं माझ्यामागे लागून डोशाचं पीठ वाटायच्या ग्राइंडरची सगळी माहिती काढून घेतली. कुठल्या कंपनीचा दगड झिजतो, कुणाची मोटार तापते, चार माणसांच्या घराला किती लिटरचं भांडं लागतं. मी काफी पीत सांगायचो, ती टाइप करायची. त्याचं तिनं इंटरनेटवर पान केलं. माणसानं ते वाचायचं, आवडला तो ग्राइंडर खालच्या बटणावरून एका मोठ्या ऑनलाइन दुकानात जाऊन विकत घ्यायचा, आणि त्या दुकानानं सुनेला कमिशन द्यायचं. एका ग्राइंडरमागे अडीचशेच्या आसपास. माल आपला नाही, गोडाऊन आपलं नाही. मला हे फार पटलं.

पण पानावर कुणी येईना. मग ती म्हणाली, जाहिरात करावी लागेल. लोक ग्राइंडर शोधायला लागले की वर आपली ओळ दिसेल. दिसण्याचे पैसे नाहीत. त्या ओळीवर कुणी बोट दाबलं आणि आपल्या पानावर आला, की आपले सहा रुपये गेले.

मी विचारलं, त्यानं घेतला नाही तरी?

तरी.

म्हणजे मी आयुष्यभर बघायचे वीस घेतले, आणि आता लोकांनी बघावं म्हणून आम्हीच सहा द्यायचे. अय्यो.

मुलगा म्हणाला, हा जुगार आहे. तो कारखान्यात दुपारच्या पाळीला असतो, सकाळभर घरी. सुनेचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा पाहून मला चेव आला. मी उठलो, कपाटातून नऊ हजार आणले आणि तिच्यासमोर ठेवले. म्हणालो, दिवसाला तीनशे, तीस दिवस चालव. भ्यायचं नाही. भिणाऱ्याला धंदा जमत नाही. बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, तिला माझे आवाज कळतात.

सुनेनं हॉलमधल्या टॅबवर ते सगळं चालू केलं आणि मलाही दाखवलं, किती लोक आले, किती पैसे गेले. हिरवा ठिपका असला की चालू. त्यावर दाबलं की बंद. इतकं सोपं मला दाखवायला नको होतं.

पहिल्या दिवशी मी साडेनऊला नेहमीच्या हॉटेलात गेलो. आम्ही नऊ-दहा म्हातारे तिथे रोज बाय-टू काफी घेतो, एक कप दोघांत. मी म्हटलं, फोन काढा, ग्राइंडर म्हणून शोधा, वर पहिली ओळ माझी. सगळ्यांनी शोधलं. सगळ्यांनी दाबलं. एक जण म्हणाला, तुझं नाव दिसत नाही, आणि परत दाबून बघितलं. दुसऱ्यानं आपल्या मुलीला फोन करून दाबायला सांगितलं, तिनं तिच्या ऑफिसात सांगितलं. मी छाती काढून घरी आलो. बारा वाजता टॅब उघडला तर तीनशे रुपये संपले होते आणि विकला गेलेला ग्राइंडर शून्य.

हॉटेलातल्या बोटांचा आणि त्या तीनशेचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, सहा रुपये परक्या माणसाचे. ओळखीच्याचे कसे लागतील?

मी कुणाला काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी टॅबसमोरून हलवेना. सहा गेले, बारा गेले, अठरा गेले. दुधाचं पातेलं उतू जाताना बघत राहावं आणि हात लावू नये, तसं वाटायला लागलं. अकराच्या सुमाराला शंभर झाले. मुलगा आंघोळीला गेला होता, बायको खाली भाजी घेत होती. मी ठिपक्यावर दाबलं. हिरवा गेला, करडा झाला. आणि खरं सांगतो, इतकं बरं वाटलं की मी दोन केळी खाल्ली.

संध्याकाळी सून म्हणाली, बंद कसं झालं? तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. सकाळी बसला जाण्यापूर्वी तिनं पुन्हा चालू केलं. अकराला मी पुन्हा बंद केलं. असे चार दिवस गेले. सकाळी बघून जाणारा माणूस संध्याकाळी विचार करून विकत घ्यायला परत येतो, तेव्हा आमची ओळ गायब. विक्री शून्यच राहिली आणि मी मनात म्हणत राहिलो, बघा, मी थांबवलं नसतं तर किती गेले असते.

शनिवारी सुनेला सुट्टी, ती त्या खात्यात खोल शिरली. तिथे म्हणे सगळ्याची नोंद असते. रोज अकराच्या आसपास कुणीतरी हातानं बंद केलं आहे, असं लिहिलेलं होतं. कुणी, ते लिहिलेलं नव्हतं. टॅब एकच, खातं एकच.

दुपारी जेवताना तिनं नवऱ्याला शांतपणे विचारलं, "पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतंस. चोरून बंद कशाला करायचं?"

तो म्हणाला, "मी त्या टॅबला हात लावलेला नाही."

"मग अकरा वाजता घरात दुसरं कोण असतं?"

घरात मी असतो. पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण नऊ हजार टेबलावर ठेवून भिऊ नको म्हणणारा मीच. मुलाला राग आला, तो ताट तसंच ठेवून उठला. सुनेनं भांडी घासली ती शेजाऱ्यांना ऐकू जातील अशी. मी सारू-भात खाली बघून संपवला. नंतर बायको माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हटलं, काय सांगायचं?

ती म्हणाली, "बरं. मी सांगते."

मी म्हटलं, उद्या मी सांगतो. आता साकु, पुरे.

रविवारी सगळे घरी. डोसे चालले होते. मुलगा खिडकीकडे तोंड करून खात होता, सून चटणी वाढताना त्याचं ताट सोडून वाढत होती. मी आधी म्हणून पाहिलं की टॅब जुना झालाय, त्याचं काही खरं नाही. सून म्हणाली, टॅब आपोआप अकरा वाजता काही करत नाही. मग माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही.

"मी बंद करत होतो," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही? का?"

"भ्यालो."

हा शब्द मी मुलासमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. मुलगा आधी हसला. असा हसला की ठसका लागून पाणी प्यावं लागलं. म्हणाला, अप्पा, लहानपणी सायकलवरून पडलो तर भितोस काय म्हणून मला पुन्हा वर बसवत होतात, आठवतं का? मी म्हटलं, सायकलला ब्रेक असतो, याचा ब्रेक मला सापडला तर मी लावला. मग सूनही हसली आणि तिनं नवऱ्याच्या ताटात चटणी वाढली, मागच्या दोन डोशांची मिळून.

नंतर तिनं पहिल्या दिवसाची नोंद उघडली. निम्मी बोटं एकाच तासात आणि बहुतेक अग्रहारातून. तिनं विचारलं, इथे त्या दिवशी असं काय होतं? मला हॉटेलची गोष्ट सांगावी लागली. या वेळी बायको सगळ्यात जास्त हसली. म्हणाली, सोबत्यांना एकदा तरी तुम्ही सहा-सहा रुपयांची काफी पाजलीत म्हणायची.

हसणं संपल्यावर सून कामाला लागली. लोक काय शब्द टाइप करून आपल्या पानावर आले, त्याची यादी तिनं वाचायला घेतली. मी ऐकत होतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीला माझे कान उभे राहिले. ही तर माझ्या काउंटरवरची माणसं. ग्राइंडरचा पट्टा बदलायची किंमत, असं लिहून आलेला. मी म्हटलं, हा नवीन घेणार नाही, याला जुनाच चालवायचा आहे, याच्यावर सहा रुपये घालू नको. नुसतं सगळ्यात स्वस्त ग्राइंडर, असं लिहिणारा. हा महिनाभर दहा दुकानं फिरतो आणि शेवटी बहिणीकडचा जुना आणतो. मग तिनं पुढची ओळ वाचली, सहा माणसांना दोन लिटर पुरेल का. मी म्हटलं, थांब. हा घेणार. घरात बायकोशी बोलून झालंय, पैसे बाजूला काढलेत, फक्त माप विचारतोय. असल्याला दुकानात मी स्टूल द्यायचो.

मला आता ते सहा-सहा रुपये दिसेनात, माणसं दिसायला लागली. त्यांना मी चाळीस वर्षं ओळखत होतो. दोन तास बसून आम्ही नको ती माणसं यादीतून काढली आणि माप विचारणाऱ्यांसाठी तिनं नवी ओळ लिहिली. शब्द माझे, शुद्धलेखन तिचं. बजेट तेच ठेवलं, दिवसाला तीनशे, त्याच्या वर काही झालं तरी नाही.

सोमवारी अकरा वाजता मी टॅबपाशी गेलो. हात गेलाच होता. पण पाटीखाली बसून लोकांशी भांडणारा मी, आज बघायचे पैसे द्यायची पाळी माझी आहे, एवढं स्वतःला सांगितलं आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो. बायकोनं ते कपडे सगळे परत नीट घातले, ते वेगळं.

बुधवारी पहिला ग्राइंडर गेला. त्या आठवड्यात चार. पुढे रोजचा एक, कधी दोन. महिना संपला तेव्हा घातलेल्यातले अकराशे रुपये अजून वसूल व्हायचे होते, पण शेवटच्या दहा दिवसांत गेले त्याहून जास्त आले होते. मुलानं हे आकडे दोनदा तपासले. जुगार हा शब्द त्यानं काढला नाही. फक्त म्हणाला, अप्पा, इथे थांबलात तरी चालेल, फार नुकसान नाही.

सुनेनं टॅब माझ्याकडे सरकवला. बजेटच्या चौकटीत तीनशे होते. मी ते खोडून चारशे केले. शून्यावर बोट एकदा जास्तच पडलं, आधी चार हजार झाले आणि सगळे एकदम ओरडले. एक शून्य काढलं.

सुनेनं विचारलं, "बाबा, भीती वाटतेय का?"

मी म्हटलं, "वाटतेय. पण चारशेच ठेव."