डाव्या बाहीचं माप

बादलीतले निम्मे कपडे पिळून दोरीवर गेले होते, निम्मे पाण्यातच होते, तेवढ्यात दारात नर्सबाई उभी. शिवणमावशीने ओले हात कमरेला पुसले.

नर्सबाई बायकांच्या मंडळातली. कुठल्या घरात मारहाण झाली की धावून जाणाऱ्या सात जणी. गल्लीतले पुरुष त्यांना ‘सात तोंडं’ म्हणत.

“मावशी, समोरच्या घरातली सून कालपासून आमच्या खोलीवर आहे. हात मोडलाय तिचा. प्लास्टरवरून चढेल असा सैल बाहीचा एखादा कपडा शिवून द्याल?”

“डावा हात?”

“हो. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मावशीने माप बघायचं म्हणून वही काढली आणि पान सापडताच तिचं बोट तारखेवर थांबलं.

वर्षभरात ती पोर चारदा आली होती. पहिल्यांदा भर उन्हाळ्यात पूर्ण बाही मागितली, तेव्हा मावशीनेच थट्टा केली होती, “का गं, दृष्ट लागेल म्हणून झाकतेस होय?” पोर हसली. पण दंडाला टेप लावताच अंग चोरून उभी राहिली. कातडीवर चार निळी बोटं उमटलेली. मावशीने टेप सैल केली, वहीत लिहिलं: ‘डावी बाही एक बोट सैल. सूज.’ खाली तारीख. पेन्सिल कानावर खोचली, आणि दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून गप्प बसली. संध्याकाळी देवापुढे तिच्या नावाने एक वात जास्त लावली. तेवढ्याने मन निवलं होतं, हेच आता जिवाला डाचत होतं. पुढे तीनदा तेच: बाही लांब, गळा बंद, खाली तारीख. मावशी शिवण तेवढी सफाईदार घालत गेली.

“नवरा म्हणतो, जिन्यावरून पडली,” नर्सबाई सांगत होती. “आधी कधी बोटही लावलं नाही म्हणे. पोर तक्रार द्यायला तयार आहे, पण शेजारीपाजारी सगळे कानांवर हात ठेवतात. कुणीच काही पाहिलं नाही!”

वही मिटली असती तर कुणाला कळलंही नसतं. मावशीने ती नर्सबाईच्या हातात उघडी ठेवली.

नर्सबाईने वाचलं. पान उलटलं, पुन्हा मागे आली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” मावशी म्हणाली. “सात तोंडं धावत होती, माझं आठवं शिवलेलं होतं. तिला झाकायला कापड बेतून दिलं मीच.”

नर्सबाईने ‘असू दे’ म्हटलं नाही. मावशीला वाटलं, बरं झालं.

आतून मावशीचे नवरोबा खाकरले. “चौकीच्या भानगडीत पडू नकोस हं. गिऱ्हाईकं तुटतील.”

“तुटू देत. उसवलेलं जोडायचाच धंदा आहे माझा.”

मग मावशी देवासमोर क्षणभर उभी राहिली; हात जोडायला उचलले आणि तसेच खाली घेतले. आज काही मागायला तोंड नव्हतं.

“ती विचारेल, मावशी तेव्हा का नाही बोलली,” मावशी म्हणाली. “काय सांगू?”

“तिलाच सांगा, काय ते. आधी जबाब द्या.”

मावशीने वही पिशवीत घातली, चपला चढवल्या. उरलेले कपडे पाण्यातच राहिले. आता पोलीस चौकीत जायचं, चारही तारखा लिहून द्यायच्या.