लाल रेघेबाहेरची काठी

दोन हजार चोवीस साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, म्हणजे कार्डावर. आईच्या हिशोबानं दोन वर्षं जास्तच, पण कार्ड काढणाऱ्या माणसाशी एकदा भांडलो, दुसऱ्यांदा जाणं झालं नाही.

त्या उन्हाळ्यात थोरल्या लेकीच्या घरी, बजाजनगरला, जेवण होतं. नातवाला नोकरी लागली म्हणून. जेवणं उरकल्यावर मी माझी गोष्ट काढली. चाळीस वर्षं मी ती सांगत आलोय. आम्ही तेव्हा करमाडकडं मेंढ्या घेऊन फिरायचो. एका सकाळी आमचा कळप जालना रोड ओलांडत होता, आणि एक ट्रकवाला हॉर्न वाजवत अंगावरच आला. मी काठी आडवी धरून ट्रकसमोर उभा राहिलो. म्हणालो, शेवटचं कोकरू पलीकडं जाईस्तोवर गाडी हलणार नाय. मागं ही रांग लागली. स्कूटरवरून एक फोटोवाला उतरला, त्यानं फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी तो शहरातल्या पेपरात आला.

इथपर्यंत सगळे नीट ऐकतात. मग मी पाकिटातून कात्रण काढतो आणि घोटाळा होतो. कारण पेपरात मी नाही. मेंढ्या आहेत, ट्रकचं तोंड आहे, आणि अगदी कडेला काठीचं बोटभर टोक आहे. बस.

माझे व्याही वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेले, रोज दोन पेपर वाचणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पाव्हणं, टोक दिसतंय. पण काठी कुणाचीबी असू शकती."

"माझी हाय."

"असंल. टोकावर नाव नाय लिवलेलं."

सगळे हसले. माझी लेकसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. व्याह्यांना जोर चढला. "तो पेपर तर कवाच बंद पडला. पण त्याचे जुने फोटो सगळे म्हणं वाचनालयात आणून ठेवलेत. जा, हुडका. सापडला तर मी चारचौघांत कान धरीन. नाय सापडला तर ही गोष्ट पुन्हा सांगायची नाय."

"कबूल," मी म्हणालो.

माझी बायको उठली आणि पाण्याचे तांबे गोळा करू लागली. ही गोष्ट निघाली की ती नेहमीच काहीतरी गोळा करायला उठते.

सोमवारी मी गारखेड्याहून रिक्षानं वाचनालयात गेलो. शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो. जोडाक्षर आलं की थांबतो, पण मागं फिरत नाही. फोटोंची खोली वरच्या मजल्यावर होती. पत्र्याची कपाटं, त्यात खोके, खोक्यांत खाकी पाकिटं. सांभाळणाऱ्या बाई लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला पांढरे हातमोजे दिले.

"हे कशाला?"

"आजोबा, बोटांचे डाग पडतात फोटोला."

"मी हात धुऊन आलोय."

"माझेही धुतलेलेच आहेत," त्या म्हणाल्या आणि स्वतःचे मोजे चढवले. मग मीही चढवले. जन्मभर हातात काठी धरली, त्या हातांना असं नवरदेवासारखं कधी कुणी नटवलं नव्हतं.

मी सांगितलं, मेंढ्यांचं पाकीट द्या. मेंढ्यांचं नव्हतं. शेतीचं काढलं, त्यात कापूस आणि मंत्री निघाले. जनावरांचं काढलं, त्यात बैलबाजार. बाजाराचं काढलं, त्यात मिरच्या. बाई म्हणाल्या, पेपर बंद पडला तेव्हा खोके पावसात भिजले होते, काही पाकिटं गेलीच, तुमचं त्यातलं असेल. मी म्हणालो, नसंल. बाकीची दाखवा.

"किती बघाल?"

"असतील तेवढी."

तीन दिवस गेलो. खरं सांगतो, मजा आली. पुढं बुजवलेली विहीर दिसली, तिथं आता बँक आहे. शहागंजात सायकलींची गर्दी दिसली, मोटार एकच, आणि तीही लोक ढकलत होते. एका सभेच्या फोटोत हजार माणसं पुढाऱ्याकडं बघत होती आणि एक म्हातारा शेंगा सोलत होता. मी त्या म्हाताऱ्याकडंच बघत बसलो. बाई मला डब्यातली पोळी द्यायच्या, मी त्यांना शेंगदाण्याची चटणी.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक पाकीट पुढं केलं. "हे काही तुमच्या कामाचं नाही. वाहतूक."

पहिले सात-आठ फोटो नुसते ट्रक. नववा उचलला आणि मी म्हणालो, "ही बघा आमची खांडी."

खांडी आमची पुढं चालणारी मेंढी. आम्ही आमच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडायचो, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात गेली तरी भांडण नको. तिच्या कानाची एक खाच फाटून मोठी झाली होती. ती फाटकी खाच तिथं लख्ख दिसत होती. चाळीस वर्षांनी आधी मेंढी ओळखली, माणसं नंतर.

फोटोवर लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारलेली होती. रेघेच्या आत पेपरात आलं होतं तेवढं. बाहेर चार बोटं फोटो शिल्लक होता.

"हे काय हो?"

"पेपरात जागा थोडी असायची. जेवढं छापायचं तेवढं रेघ मारून ठेवायचे, बाकी छापताना कापायचे."

"म्हंजे माणसं कापली अन् मेंढ्या ठेवल्या?"

"मेंढ्यांनी रस्ता अडवला, ही बातमी होती, आजोबा."

आमचा अख्खा संसार यांनी वाहतुकीत घातला होता. पण ते बोलायच्या आधीच माझी नजर रेघेबाहेर गेली. काठी तिथं होती. आडवी धरलेली, ट्रकच्या तोंडासमोर. धरणारी माझी बायको होती. पाठीवर झोळीत आमची थोरली, आणि तिनं ट्रकवाल्याकडं असं बघितलं होतं की मला खोलीत बसून भीती वाटली. मी तिच्या मागं, रस्त्याच्या कडेला. काखेत कोकरू, दुसरा हात डोक्यावरच्या पटक्यावर, तोंड उघडं.

मी लबाड नाही. मला खरोखर आठवत होतं, काठीचा भार हातात आठवत होता. इतक्या वेळा सांगितलं की ती काठी माझ्या हातात येऊन बसली.

बाई खूश झाल्या. फोटोच्या पाठीवर नुसतं 'जालना रोड, मेंढ्या' लिहिलेलं होतं. "आता नावं लिहून ठेवते," त्या म्हणाल्या आणि शिसपेन्सिल घेतली. "हे तुम्ही. आणि काठीवाल्या या बाई कोण?"

मी हातमोजे काढले, घडी घातली. म्हणालो, "ते उद्या सांगतो."

घरी बायको लसूण सोलत होती. "सापडला का?"

"सापडला."

"मंग बरं झालं की. तोंड का असं?"

"काठी," मी म्हणालो.

ती सोलतच राहिली. "माझीच व्हती. तुमची, आपण पाण्याला गेल्तो तवा, बांधावर राहिली व्हती."

"मंग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही लई रंगून सांगायचा. अन् कोकरू तुम्हीच वाचवलं, ते चाकाखाली गेलं असतं. ते तर कुणाला कधी सांगितलंच नाय तुम्ही."

ते मात्र मी विसरूनच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून धुतलेला पटका बांधला. व्याह्यांना फोन लावला, म्हणालो, दहा वाजता वाचनालयात या, कान धरायला. बायकोला म्हणालो, चल, तुझं काम हाय. ती म्हणाली, स्वैपाक? म्हणालो, आल्यावर.

व्याही आमच्या आधी येऊन बसले होते. त्यांनी पांढरे मोजे चढवून फोटो बघितला, रेघेच्या आत, रेघेच्या बाहेर, मग झोळीतल्या पोरीकडं बोट केलं. "ही आमची सून?"

"व्हय."

त्यांनी फोटो हळूच टेबलावर ठेवला. मग दोन्ही कान धरले, पण तोंड माझ्या बायकोकडं करून. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "राहू द्या पाव्हणं, मोजे खराब व्हतील."

बाईंनी पेन्सिल घेतली. मी म्हणालो, "आधी हिचं नाव लिवा. काठीवाली ही. मग पोरीचं. माझं शेवटी, अन् पुढं लिवा, कोकरू धरलेला."