मंडईच्या दिवशी वर झालेले हात

देवाची हाक एकदा कानावर आली की माणूस पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही, असं म्हणतात. माझ्या मोठ्या भावाला ती आली तेव्हा तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता आणि तिथल्या घरघराटात त्याला मालकाची हाकसुद्धा ऐकू जात नसे. त्यामुळे आमच्या घरात देवाबद्दल कोणी शंका काढली नाही. शंका निघाली ती भावाच्या कानांबद्दल.

हे १९९९ सालचं. तो टायफॉइडने दवाखान्यात पडला होता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे ख्रिस्ती कंपाउंडर होते, ते घरी जाताना त्याच्या उशाशी बायबलचा नवा करार ठेवून गेले. भाऊ वाचणारा नव्हता. घरात पुस्तकं मी वाचायचो आणि तो मला हसायचा. ते एक पुस्तक मात्र त्याने अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. मी पुढे पुस्तकांच्याच नोकरीत आयुष्य घालवलं, पण एकाही पुस्तकावर इतका विश्वास ठेवला नाही. म्हणून माझं सुरळीत चाललं.

आम्ही पवार. सौंदडजवळ धानाची शेती. बारा ज्योतिर्लिंगांचं कॅलेंडर भिंतीवर, देवघर भरलेलं. भावाने प्रचारक व्हायचं ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा बाबा बांधावरून येऊन पाय धूत होते.

"पाद्री होतेस? काऊन, शेती काय सैतानाची हाय?"

"नाई बाबा, शेती चांगलीच हाय. पन तो मले धाडून राहिला, तर जातो."

"कोन धाडून राहिला? नाव सांग, मी बोलतो त्याच्यासंग."

भावाने नाव सांगितलं. बाबांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. तसे ते आधीही फारसे बोलत नसत, पण आता त्याला कारण मिळालं.

दोन वर्षं कुठल्याशा बायबल शाळेत शिकून आल्यावर, दूरच्या मोठ्या शहरात मुख्यालय असलेल्या एका संस्थेने त्याला केशोरीच्या पलीकडच्या एका गावात नेमलं. एक सायकल, थोडं मानधन आणि फार मोठी अपेक्षा. मी वर्षातून एकदोनदा त्याच्याकडे जायचो. त्याचं काम काय, हे मला कळायला वेळ लागला, कारण दिसण्यासारखं काही नव्हतं. कोणाच्या घरी दुखणं असलं की हा जाऊन बसायचा. अर्जुनीच्या दवाखान्यात रोगी न्यायचा असला तर सोबत जायचा. ज्याच्याशी बसायचा त्याला 'ख्रिस्ती हो' असं तो कधी म्हणाला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "हाक मले आली. त्याईले आली तर ते सांगतीन."

अशा पद्धतीने सहा-सात वर्षांत चार माणसं जमली. बिडी वळणारी एक विधवा बाई, एक गोंड नवरा-बायको आणि एक म्हातारा. हा म्हातारा मारुतीच्या पारावर, बुद्धविहारात आणि भागवत सप्ताहातही तितक्याच भक्तीने बसत असल्यामुळे त्याला पूर्ण धरावं की अर्धा, हा प्रश्न होता. रविवारची प्रार्थना त्या बाईच्या रिकाम्या गोठ्यात व्हायची. बाई मांडीवर सूप घेऊन प्रार्थनेतही बिड्या वळत राहायची.

"बाई, तेवढा वेळ तरी हात थांबवा," मी एकदा म्हणालो.

"हात थांबवला का झोप येते, बाबू. तुमचा भाऊ चांगला हाय, पन त्याची प्रार्थना लय लांब हाय."

भाऊ हसला आणि डोळे मिटून पुढे चालू झाला. प्रार्थना खरंच लांब होती. गावातल्या प्रत्येक आजाऱ्याचं नाव त्यात यायचं, म्हशीही यायच्या. मी अश्रद्ध माणूस, पण त्या गोठ्यात कोणी कोणाला दाखवण्यासाठी काही करत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. धार्मिक कार्यक्रमात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मुख्यालयाचा फोन महिन्यातून एकदा यायचा. प्रश्न एकच: "किती?"

"चार."

पुढच्या महिन्यात पुन्हा: "किती?"

"चारच, साहेब."

'तो म्हातारा अर्धा आहे' हे त्याने सांगितलं नाही, एवढीच त्याची व्यवहारबुद्धी.

मग मुख्यालयाने ठरवलं की तिथे महासभा घ्यायची. मोठे प्रचारक येणार, मंडप, बॅटरीवरची बत्ती नव्हे तर जनरेटर. त्यांनी तारीख कळवली आणि भाऊ चपापला. त्या दिवशी गावची मंडई होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, मुलामुलींची स्थळं पाहिली जातात, दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो आणि नाटक तर होतंच होतं. नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरीशिवाय वरात. भावाने फोनवर हे सगळं सांगितलं. तिकडून आनंदाने उत्तर आलं, "वा! म्हणजे लोक जमवावे लागणार नाहीत."

जाहिरातीसाठी मुख्यालयाने वडशाहून भोंग्याची जीप ठरवली. त्या जीपवाल्याचा जन्म नाटकांची जाहिरात करण्यात गेलेला. त्याने चार-पाच गावांतून आपल्या नेहमीच्या सुरात पुकारलं, "आपल्या गावी प्रथमच! भव्य रंगमंच! संगीत-साथीसह! सुप्रसिद्ध मान्यवरांच्या उपस्थितीत!" आमच्या भागात दिवाळीनंतर अशा जीपचा अर्थ एकच होतो, नाटक. आयतं नाटक येतंय म्हणून गावाने यंदा आपलं ठरवलंच नाही. वाटेत एका बाईने भावाला थांबवून विचारलं, "हिरोईन कोन हाय गा यंदा?" भाऊ दिवसभर सायकलीवर त्या जीपच्या मागे फिरून 'नाटक नाही, सभा आहे' असं सांगत होता. सायकलीला भोंगा नव्हता.

दुपारी मी पोचलो तर मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी सकाळीच पोती अंथरून जागा धरलेल्या. पेटी-तबल्यावर भजनं झाली, लोकांना आवडली. एकाला वन्स मोर मिळाला. मग प्रचारक उठले. पांढरा सूट, कपाळावर घाम. ते हिंदीत बोलत आणि भाऊ ते आमच्या बोलीत सांगत होता. पापाचं वर्णन करताना प्रचारकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बुवा बरा रडते," माझ्या पुढच्या पोत्यावरचा माणूस म्हणाला.

"मंग! महागडा अस्सन."

शेवटी प्रचारकांनी विचारलं, ज्यांना नवं जीवन हवं आहे त्यांनी हात वर करा. भावाने ते सांगताना मध्येच थांबून स्वतःचं म्हणून जोडलं, "घाई करू नका. समजलं नसन तर हात खालीच राहू द्या." प्रचारकांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तोवर पुढच्या रांगेत पाच-सहा हात वर झाले होते.

मागून कोणी ओरडलं, "काऊन हात वर करून राहिले गा?"

"पडदा उघडाव का, म्हनून विचारून राहिला असन."

मग सगळं मैदान हात वर करून उभं राहिलं. ग्रामसभेत ठराव मंजूर करून करून लोकांना सवयही होतीच. कॅमेरेवाला खुर्चीवर चढला. प्रचारकांनी गुडघे टेकले. माझा भाऊ तेवढा हात खाली ठेवून, मान खाली घालून उभा होता. त्याची चार माणसं त्या हातांत नव्हती. ती मंडपामागे पाहुण्यांसाठी चहा करत होती.

पाहुणे चहा पिऊन गाड्यांत बसले आणि गेले. लोक बसून राहिले. ऊन उतरलं तरी पडदा उघडेना. पडदा नव्हताच. मग कोणी तरी उठून मंडपाची कनात ओढली आणि ज्यांच्या आजाऱ्यांशी भाऊ रात्री-अपरात्री बसला होता, त्याच लोकांनी त्याला घेरलं.

"जावयापुढं नाक कापलं तू आमचं! नाटकाचं सांगून परवचन ठेवते?"

"मी नाटक म्हनलोच नाई, काका."

"जीप कोनाची होती?"

त्याने माफी मागितली. सात वर्षांत त्याने गावात जे कमावलं होतं, ते त्या संध्याकाळी गेलं. मंडईत नाटक न झाल्याचं दुःख आमच्याकडे लोक लवकर विसरत नाहीत.

आठवड्याने फोन आला. या वेळी 'किती?' असं विचारलं नाही. आकडा त्यांच्याकडेच होता.

"साहेब, ते नाटकाले आले होते," भाऊ म्हणाला.

"प्रभूच्या सामर्थ्यावर शंका घेऊ नका. तुमच्या सेवेला फळ आलं आहे. तिथलं काम पूर्ण झालं." आणि पूर्ण झालेल्या ठिकाणी माणूस ठेवण्यात अर्थ नसतो, म्हणून त्याला छत्तीसगडच्या पार टोकाला जायचा आदेश झाला.

मी मुद्दाम रजा काढून गेलो. तो वळकटी बांधत होता.

"हे खोटं आहे, तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मग नाही म्हण. इथेच राहा, स्वतःचं म्हणून."

"धाडलेला मानूस आपून. जिथं धाडलं तिथं जाव लागते. मी म्हनन तिथं धाड, असं नाई म्हनता येत."

"धाडणारा कोण? देव की ऑफिस?"

वळकटीची दोरी त्याच्या दातांत होती.

बिडीवाली बाई दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिच्या हातात सूप नव्हतं.

"हात वर करनारे सारे तुमच्या साहेबाचे झाले. आन आमी कोनाचे गा?"

"तुमी देवाचे, बाई."

"देव तर हायच. तो कुठं जाते? तुमी कायले जाऊन राहिले, ते सांगा ना."

भावाने तिच्या पायांना हात लावला आणि सायकल काढली. त्याच्या श्रद्धेपुढे मी त्या दिवशी पहिल्यांदा हात टेकले. मला त्या श्रद्धेचा इतका संताप त्याआधी कधीच आला नव्हता.

त्याच्या जागी कोणी आलं नाही. काम पूर्ण झालं होतं. गोंड नवरा-बायको नागपूरला बांधकामावर गेले. म्हातारा भागवत सप्ताहात आणि विहारात जातो, तेवढं त्याला पुरतं. संस्थेच्या मासिकात वर केलेल्या हातांचा फोटो पूर्ण पानभर आला, खाली 'जिवंत आणि वाढती मंडळी' असं छापलेलं. बाईने गोठा पुतण्याला दिला. तो तिथे बकऱ्या बांधतो. रविवारी प्रार्थनेच्या वेळेला त्याही चरायला गेलेल्या असतात.