उचलून आणा

राधानगरीकडच्या एका गावात १९९६ साली संघप्रिया कांबळे नावाच्या बाई तिसरीला शिकवायच्या. अंगानं काडी, पण हजेरीच्या बाबतीत महाखमक्या. नावं पुकारून झाली की रिकाम्या जागेकडं बघायच्या आणि चार दांडग्या पोरींना फर्मान सोडायच्या, "जावा, उचलून आणा!" पोरी खरोखरच दांडी मारणाऱ्याला हातापायाला धरून आणत. भातलावणीच्या दिवसांत ही वरात रोज निघे.

प्रीती मात्र आठवडाभर आली नाही, तेव्हा बाई स्वतःच तिच्या दारात गेल्या. तिची आई बनाबाई म्हणाली, "मी लावणीला जातो. धाकटीला कोण बघंल?"

"संगं घिऊन येऊ दे की. शाळेतनं नाव कमी झालं म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी प्रीती धाकटीला काखेत मारून हजर. हेडमास्तर हंबीरराव कडाडले, "ही शाळा हाय का पाळणाघर?"

"पाळणाघर चालंल सर, रिकामी जागा न्हाय," बाई म्हणाल्या. तेव्हापासून वर्गात एखाददुसरं रांगतं पोर खडू चघळत असायचंच.

पुढच्या वर्षी वर्गाबरोबर बाईही चौथीला आल्या आणि त्यांना मुलगी झाली. रजा संपते न संपते तोच बाळ सांभाळायला आलेल्या सासूबाई पाय मोडून गावी परतल्या. नवरा वारणानगरला नोकरीला, शनिवारी यायचा. तो म्हणाला, "सोड ती नोकरी." शाळेत जाणं बंदच झालं. सोमवारी आला नाहीत तर वर कळवावं लागेल, असा हंबीररावांचा निरोप आला. बाईंना रडू कोसळलं. दुसऱ्यांच्या पोरी शाळेत ओढून आणल्या आणि आपण मात्र घरी बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. पण इलाज दिसेना. रविवारी त्यांनी नोकरी सोडायचं ठरवूनच टाकलं.

सोमवारी शाळेची घंटा झाली आणि थोड्याच वेळात दारात चार पोरी उभ्या. पुढं प्रीती.

"बाई, तुमी गैरहजर हायसा. उचलायला आलोय."

"अगं, बाळाला कोण बघंल?"

प्रीतीनं बाळ दुपट्यासकट उचललंसुद्धा. "संगं घ्यायचं की."

"मी शिकवणारी हाय गं. मला न्हाय चालत तसं."

"का? आमाला चालतंय की."

बाईंनी चपला घातल्या. शाळेच्या फाटकात हंबीरराव वाट बघत उभे होते. बाळाकडं बघत म्हणाले, "चार पोरी पुरल्या म्हणायच्या. न्हायतर मीच येणार हुतो."