दोन नावांचं रक्त

माझ्या वडिलांना, अण्णांना, रक्ताचा कॅन्सर आहे असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि औषध काहीच दिलं नाही. हा फार हळू वाढणारा प्रकार, सध्या त्रास नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, गरज पडली की औषध सुरू करू, एवढंच म्हणाले. एस.टी.त बसल्यावर अण्णा म्हणाले, "कॅन्सर हाय अन् गोळी न्हाई? मंग एक तर रोग खोटा, न्हाईतर माझं काय खरं न्हाई. तुला ठावं हाय. तू लपवतीस."

मी घरातली पहिली पदवीधर. दूध सोसायटीला घातलेल्या दुधाच्या पैशांवर बी.एस्सी. झाले. इंग्रजी वाचता येतं म्हणून आजवर माझ्यावर भरवसा होता. आता तेच संशयाचं कारण झालं. मी शोधून वाचून दाखवलं: परदेशात अशा रुग्णांचे दोन गट करून वर्षानुवर्षं अभ्यास झाले. एका गटाला त्रास नसतानाच औषध दिलं, दुसऱ्यावर नुसतं लक्ष ठेवलं. आधी औषध घेतलेले लोक दुसऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत.

"ते परदेशातले आपल्याला खरं कशाला सांगतील?" अण्णा म्हणाले.

मांजरसुंब्याला एक जण कॅन्सरवर कसलीशी पुडी द्यायचा. गुरुवारी त्याच्याकडं जायचं अण्णांनी ठरवलं. "त्यो कायतरी देतो तरी." त्या पुडीत काय असेल, कुणास ठाऊक.

अण्णा आमच्या गावच्या दूध सोसायटीत फॅट काढायचे, म्हणजे दुधातली चरबी मोजायचे; त्यावरच भाव ठरायचा. दुष्काळात जनावरांना चारा कमी पडला, फॅट उतरलं, की लोक त्यांच्यावरच डोळे वटारायचे. मग त्यांना जोखायला कुणी तरी एकाच म्हशीचं दूध दोन किटल्यांत, दोन नावांनी घालायचं: एक स्वतःच्या, एक भावजयीच्या. आकडे जुळले नाहीत तर भांडण. अण्णा त्यात कधीच सापडले नाहीत, याचा त्यांना मोठा अभिमान.

बुधवारी मी म्हणाले, "अण्णा, डॉक्टरला बी दोन किटल्या लावा की."

आजाराचं कळल्यापासून ते पहिल्यांदा हसले. "लई शिकलीस."

चौसाळ्याच्या ओळखीच्या कंपाउंडरनं एकाच दंडातून जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या भरल्या. एकीवर अण्णांचं नाव आणि साठीतलं वय, दुसरीवर माझं नाव आणि माझंच वय. दोन्ही बीडच्या दोन वेगळ्या लॅबला गेल्या. आई ओरडली, "बिनलग्नाच्या पोरीचं नाव लावलं? उद्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर?"

अण्णांच्या नावाचा रिपोर्ट आधीसारखाच आला. अण्णा म्हणाले, "त्यांचं अन् डॉक्टरचं साटंलोटं असंल." दुसऱ्या लॅबमधून माझ्या मोबाइलवर फोन आला. मी स्पीकर लावला.

"ताई, पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. साठीतला माणूस असता तर एक वेळ समजलो असतो. तुमच्या वयात हे असं दिसत नाही. काही तरी चुकलंय, परत रक्त द्यायला या."

अण्णा बाजेवर बसले. मग म्हणाले, "हाय मंग. तू लपवीत न्हवतीस."

गुरुवारी ते मांजरसुंब्याला गेले नाहीत. आम्ही दोघं लॅबमध्ये जाऊन सगळं कबूल केलं. लॅबवाला चिडला. "रक्त म्हणजे काय दूध वाटलं का तुम्हाला?"

"तपासणारा दोन्हीकडं माणूसच असतो, सायेब," अण्णा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तीन महिन्यांची तारीख कधी चुकवली नाही. पुढं मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी संशोधनासाठी एक जास्तीची नळी मागितली. या रोगाचं रक्त देशोदेशी अभ्यासतात, म्हणाल्या. मर्जी असेल तरच द्या. मला वाटलं, आता संपलं. अण्णा उठून चालू लागणार.

अण्णांनी विचारलं, "आमी दुधाची एक बाटली राखून ठेवायचो, भांडण झालं की तपासाया. तुमची दुसरी बाटली कुठं ऱ्हाती?"

"थोडं इथंच गोठवून ठेवतो. शंका आली तर पुन्हा तपासता येतं."

"अन् नाव?"

"नाव नसतं बाबा. नुसता नंबर."

अण्णांनी पेन घेतलं. "मंग बरं हाय," सही करता करता ते म्हणाले. "नाव दिसलं की तपासणाऱ्याचा हात बदलतो."

मला सोसायटीतल्या दोन नावांच्या किटल्या आठवल्या; मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.