पुसलेली नोंद आणि भरमाण्णा

भरमाण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सर्व्हरच्या खोलीत सकाळचे आकडे लिहून घेत होते. निपाणीहून त्यांच्या मुलीचा, राजमतीचा फोन. “आक्का, अण्णा गेले...” एवढंच बोलली. “येते” म्हटलं, उरलेले चार आकडे लिहिले आणि मगच बाहेर पडले. याला आता दीड महिना झाला. कुणी कोरडेपणा म्हणेल. पण आकडे अर्धवट टाकून गेले असते तर त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली असती.

बेळगावातल्या एका खासगी इस्पितळात आम्ही नऊ वर्षं एकत्र काम केलं. रुग्णांचे रिपोर्ट, एक्स-रे ज्या यंत्रांवर असतात त्यांची तब्येत बघायची, हे आमचं काम. सर्व्हरच्या पोटात बारीक सेन्सर असतात. ते उष्णता, पंख्यांचा वेग, विजेचा दाब मोजत राहतात, आणि काही बिनसलं की यंत्र स्वतःच वेळेसकट नोंद करून ठेवतं. नोंदींच्या त्या यादीला आम्ही लॉग म्हणतो. भरमाण्णा तरुणपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते. ढिगात कोपरापर्यंत हात घालून आत ऊब धरलीय का ते सांगायचे. कॉम्प्युटरची दुरुस्ती ते तिशी उलटल्यावर शिकले. म्हणायचे, “तितं हात घालून बघायला लागायचं. हितं यंत्र सोताच सांगतंय, आपुन ऐकायचं तेवढं.”

मी खानापूरकडची. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली पहिली मीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. भरमाण्णांनी ते लगेच ओळखलं. “बीसीए बाई, तेवढा स्क्रू धरा,” असं मुद्दाम अहो-जाहो करून म्हणायचे.

नोकरीचा दुसरा महिना. अण्णा दोन दिवस निपाणीला गेलेले, आणि मुख्य सर्व्हरवर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला. त्याच दुपारी बाहेरचे पाहुणे इस्पितळ बघायला यायचे होते. मॅनेजर म्हणाले, “तो दिवा तेवढा घालवा.” यंत्र तर नीट चाललं होतं. लॉग पुसला की दिवा विझतो, हे मला ठाऊक होतं. मी पुसला. दिवा गेला, मॅनेजर खूश, मी त्याहून खूश.

अण्णा परत आल्यावर मी हे ऐटीत सांगितलं. त्यांनी विचारलं, “पुसायच्या आधी उतरून घेतलंस?”

“न्हाय.”

“वाचलं तरी?”

“मेमरीचं कायतरी होतं...”

ते खुर्चीत बसले. “तापाचा कागद फाडलास गं. ताप हाय तितंच हाय.”

मेमरीच्या सोळा पट्ट्यांपैकी आजारी कुठली ते त्या यादीत होतं. आता यंत्र कधीही बंद पडलं असतं, आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांना रिपोर्ट दिसले नसते. सर्व्हर बनवणारी कंपनी तर नोंद दाखवल्याशिवाय पट्टी बदलून देईना. दोन दिवस आम्ही तासातासाला सर्व्हरच्या पडद्यासमोर. अण्णा मला एकेक ओळ वाचायला लावायचे. रागावले नाहीत, हेच मला जास्त लागत होतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला नवी नोंद उमटली, पट्टीच्या नंबरासकट. “बोलला बघ गडी,” अण्णा म्हणाले. रविवारी सगळ्या वॉर्डांना आधी सांगून सर्व्हर बंद केला, पट्टी बदलली.

मग अहवाल. मी लिहिलं, “पूर्वीची नोंद पुसली गेली.”

“कुणी पुसली?”

“अण्णा, अजून कायम न्हाय मी. काढून टाकतील. आमच्या बाबांनी गावभर सांगून ठेवलंय...”

“यंत्र आपलं दुखणं येळेसकट लिवतंय. आपुन ‘गेली’ म्हणायचं व्हय?”

मी ते वाक्य खोडून माझं नाव लिहिलं. अण्णांनी कागद ओढून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, “हिला शिकवायचं राहिलं होतं. चूक माझीही आहे.” आणि सही केली. मॅनेजरांनी तो कागद दोनदा वाचला. आपण काय सांगितलं होतं ते त्यांनाही आठवलं असावं. माझी नोकरी राहिली.

अण्णा निवृत्त झाल्यापासून ती खोली माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात उष्णतेच्या इशाऱ्याची मर्यादा मी चुकून फार खाली ठेवली, आणि सकाळभर सगळ्यांचे फोन उगाच वाजत राहिले. अहवालात मी पहिल्याच ओळीत माझं नाव घातलं. समोर माझा सहकारी बसवराज बसला होता. वयानं माझ्याएवढाच, कामात हुशार, पण मोठा मानी. वाचून म्हणाला, “आक्का, एवढ्याशाला नाव कशाला?”

“अण्णांनी लावलेली सवय हाय.”

त्यानं अहवाल स्वतःकडे घेतला आणि खाली लिहू लागला... मागच्या महिन्यात एका पंख्याचा वेग उतरल्याची नोंद त्यानं पाहिली होती, आणि नंतर बघू म्हणून सोडून दिली होती. तारीख लिहिली, वेळ लिहिली, नाव लिहिलं. मग उठला आणि नवा पंखा आणायला कपाटाकडे गेला.