मुद्रितं तपासणारीने न वाचलेली सात पानं

सख्ख्या भावाने पुढे केलेला कागद तुम्ही त्याच्या तोंडावर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचाल का? खरं सांगा. "वाचू की, त्यात काय" म्हणणाऱ्यांनी एकदा वाचून बघावा, आणि मग त्या घरात चहा कसल्या तोंडाने मिळतो तेही बघावं.

वेलांटीचा तर धंदाच वाचण्याचा. छापखान्यात तेवीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. कागदावर पट्टी ठेवायची, ती ओळीओळीने खाली सरकवायची आणि लाल पेनाने चुकलेले काने-मात्रे धरायचे. एकदा ‘दुःखद निधन’चं ‘सुखद निधन’ होऊन छपाईला निघालं होतं, तेव्हा धावत जाऊन मशीन थांबवलं ते हिने. मालक म्हणाला, "जाहिरात सुनेने दिली होती गं, राहू द्यायचं!" एका लेखकाशी एका वेलांटीवरून ती तासभर भांडली आणि तिला हे नाव चिकटलं. पुढे घरचेही तेच म्हणू लागले.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, वडिलांच्या नावावर. आई आधीच गेलेली. दादा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. वेलांटीने लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सहा वर्षं ती मुद्रितांचे गठ्ठे घरी आणून त्यांच्या उशाशी बसली. त्यांची कूस बदलायची, चादर ओढायची, परत पट्टी सरकवायची. दादा रविवारी यायचा, बाहेरच्या खोलीत पाय पसरून विचारायचा, "बाबा कसे आहेत?" बाबा आतल्या खोलीत होते. चार पावलांवर.

वडील मृत्युपत्र न करता गेले. तिसऱ्या महिन्यात दादाचा फोन आला. "विजेचं मीटर अजून बाबांच्या नावावर आहे. उद्या येऊन तोडतील. तुझी ना-हरकत लागते, नोंदणी कार्यालयात ये."

ती छापखान्यातून अर्धी सुट्टी काढून गेली. कार्यालयात बाकावर दादा, वहिनी आणि साक्षीदार म्हणून आणलेले मामा बसलेले. दादाच्या मांडीवर सात पानं टाचून ठेवलेली.

"बघू," म्हणत वेलांटीने चष्म्यासाठी पर्स उघडली.

दादा वहिनीकडे वळून म्हणाला, "घ्या! साध्या मीटरच्या कागदासाठी आता भावाचंही मुद्रित तपासणार बाईसाहेब."

"लाल पेन आणलंय का, वन्सं?" वहिनी म्हणाली.

मामा खो-खो हसले. वेलांटीही हसली. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. चष्मा पर्समध्येच राहिला.

टेबलामागच्या साहेबाने मान वर न करता विचारलं, "मजकूर समजलाय ना? स्वखुशीने करताय?"

"हो हो," दादा म्हणाला.

"त्यांना विचारतोय."

"माझी काही हरकत नाही," वेलांटी म्हणाली.

फोटो, अंगठा, सह्या. मामांनीही साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. "चला, पुढचे!"

आठ महिन्यांनी तिच्या दारात एक माणूस मोजपट्टी घेऊन उभा. "खिडकीखालचं हे टेबल निघेल ना? तिथे आमचा पलंग बसवायचाय."

"तुमचा पलंग? इथे?"

"म्हणजे काय, घर घेतोय ना आम्ही!"

तिने दादाला फोन लावला.

"तू मीटर म्हणालास!"

"अगं, मीटरसाठी घर एकाच्या नावावर नको? त्याचाच कागद होता तो. सही तुझी, अंगठा तुझा. वाचता येत नाही का तुला?"

बाकावर वाचायला निघाली तर चेष्टा करणारा हाच, आणि आठ महिन्यांनी वाचता येत नाही का म्हणून विचारणाराही हाच. एकाच तोंडाने.

ती वकीलबाईंकडे गेली. बाईंनी नक्कल मागवली, मथळ्यावर बोट ठेवलं. हक्कसोडपत्र. सात पानांत मीटर हा शब्द एकदाही नव्हता.

"मीटरवर नाव कुणाचं आहे त्यावरून घर कुणाचं ते ठरत नाही," बाई म्हणाल्या. "मृत्युपत्र नव्हतं, वारस तुम्ही दोघंच. वडील गेले तेव्हाच अर्धा वाटा तुमचा झाला होता, त्यासाठी कुठेही सही करायची नव्हती. तो सोडण्यासाठी तुम्ही सही केलीत."

"रद्द होईल?"

"फसवून घेतला हे सिद्ध झालं तर. नोंदवलेला कागद आहे, नुसत्या तुमच्या शब्दावर हलायचा नाही. बाकावर काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं?"

"मामांनी."

मामा कुंड्यांना पाणी घालत होते. तिला पाहून त्यांनी नळ बंद केला नाही.

"मामा, मीटर म्हणाला होता ना तो?"

"म्हणाला असेल."

"असेल?"

"हे बघ पोरी, मला नको ओढूस यात. तुम्ही बहीण-भाऊ उद्या एक व्हाल, वाईट मी ठरेन."

"तुम्ही तो कागद वाचला होतात?"

मामांनी पाणी पुढच्या कुंडीत वळवलं. "वरचं पान. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तू तर वाचणारी."

कोर्टात मामांनी घोकल्यासारखं सांगितलं, सही डोळ्यांदेखत झाली, मजकुराची माहिती नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलेलाच असला पाहिजे असं काही नसतं, हे त्यांना कुणीतरी नीट पढवलं होतं.

मग दादाचे वकील उठले. "बाई, आपला व्यवसाय?"

"मुद्रितशोधक."

"एक काना चुकला तर मशीन थांबवता म्हणे. सात पानांत मीटर नाही, हे नाही दिसलं?"

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं.

"वाचलंच नाही," वेलांटी म्हणाली. "भाऊ होता तो."

"कागद वाचण्यापासून आपल्याला कुणी जबरदस्तीने अडवलं? हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही."

दावा फेटाळला गेला. निरक्षर असती तर कदाचित कुणी विश्वास ठेवला असता. ज्या कामावर ती जगली, त्याच कामाने तिला खोटं पाडलं. आता ती भाड्याच्या एका खोलीत राहते, खिडकी भिंतीकडे उघडते, दुपारीही दिवा लावून पट्टी सरकवावी लागते. नातेवाईक हळहळतात, "शिकलेली असून फसली!" आणि पाठ वळली की, "भावाला कोर्टात खेचलं हो!"

या गोष्टीवरून आता बायकांना ‘वाचून सही करा’ असं बजावणारे शेकडो भेटतील. ती पर्समधून चष्मा काढतच होती, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून मागणं तुमच्याकडे आहे. उद्या कुणीतरी तुम्हाला "नुसतं सहीला चला" म्हणून साक्षीदार करून नेईल. जा. पण पेन उघडण्याआधी तो कागद हक्क सोडणाऱ्याच्या हातात द्या आणि सगळ्यांसमोर म्हणा, "मोठ्याने वाच, मलाही ऐकायचंय." एवढं तोंड उघडवत नसेल, तर सही करायला जाऊ नका.